रक्त छान घेतलं, पण चालू गोळ्या कुणी विचारल्याच नाहीत

पाचपैकी तीन तारे. दोन का कापले ते सविस्तर लिहितेय, कारण घरात साठी ओलांडलेले वडील असतील तर हे माहीत असायलाच हवं.

बाबा ६९ वर्षांचे. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं ज्येष्ठ नागरिकांचं पॅकेज घेतलं. साखर, किडनी, थायरॉइड आणि प्रोस्टेटची पीएसए तपासणी (पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन; रक्तात ते वाढलं तर ग्रंथीत काही बिघाड आहे का ते बघतात). साडेसहाची वेळ होती, मुलगा सहा पंचविसालाच दारात. बाबांची शीर पटकन सापडत नाही, दरवेळी हात काळानिळा होतो. या मुलाने आधी गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकायला लावला, मग एकाच टोचण्यात काम केलं. नळीवरचं नाव आणि वय बाबांना वाचून दाखवलं. त्याला माझ्याकडून पाचपैकी पाच.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. पीएसए ३.१, मर्यादा ४, समोर हिरवा ठिपका. दुसऱ्या दिवशी पॅकेजमधल्या डॉक्टरांचा फोन आला. ‘सगळं नॉर्मल आहे काका,’ म्हणाले आणि चार मिनिटांत ठेवला.

पण बाबा प्रोस्टेट वाढल्यामुळे गेली तीन वर्षं रोज रात्री जेवणानंतर ड्युटास्टेराइड आणि टॅमसुलोसिनची एकत्र कॅप्सूल घेतात. टॅमसुलोसिनने लघवीची वाट सैल होते, पीएसए त्याने हलत नाही. ड्युटास्टेराइडने मात्र ग्रंथी आकसते आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो. बुकिंगच्या फॉर्ममध्ये मधुमेह विचारला होता, उपाशी आहात का तेही विचारलं होतं. चालू औषधांचा रकानाच नव्हता.

हे आमच्या युरोलॉजिस्टनी दाखवलं. जुनी फाइल उघडून त्यांनी पेनाने तीन आकडे एकाखाली एक लिहिले: गोळी सुरू करण्याआधी ४.६, वर्षभराने २.२, आता ३.१. ‘गोळीवर असताना आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे हा सहाच्या वर गेला. आणि खाली बसलेला आकडा गोळी चालू असताना परत चढतोय, याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.’ चढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, लघवीच्या जंतुसंसर्गानेही वाढतो, हेही त्यांनी बाबांना नीट समजावलं. बाबा शांतपणे ऐकत होते, पण माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

केस गळतात म्हणून माझा भाऊ १ मिलिग्रॅमची फिनास्टराइड घेतो. तीही याच जातीची, तिनेही पीएसए असाच उतरतो. केसांची गोळी म्हणून ती डॉक्टरांना सांगायचं त्याच्या मनातही आलं नसतं.

लॅबला फोन केला. ‘आम्ही फक्त आकडा देतो, अर्थ तुमचे डॉक्टर लावतील.’ मग हिरवा ठिपका लावता कशाला? त्या ठिपक्यावर विसंबून आम्ही यंदा युरोलॉजिस्टकडे जाणारच नव्हतो. बाबांना गोळ्यांची चिठ्ठी नवीन करून घ्यायची होती, म्हणून गेलो. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला किती खर्च येतो?

लघवीची तपासणी साफ आली. पीएसए सहा आठवड्यांनी पुन्हा करायचाय, तोवर कॅप्सूल मनाने बंद करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. रक्त न्यायला त्याच मुलाला बोलावणार आहे. ‘ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम, तीन वर्षांपासून चालू’ अशी चिठ्ठी या वेळी मीच लिहून त्याच्या हातात देईन.