झटपट उघडणारा खिशातला चाकू: द्राक्षबागेत आठ महिने

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर दोन चाकू घेतले होते. आता एप्रिलमधली खरड छाटणीही उरकली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बाग दिंडोरीकडची. द्राक्षाला कात्री लागते, चाकू नाही, हे मान्य. पण चाकू निघतो तो भलत्याच कामांना: सुतळी कापायला, खताच्या गोणीचं तोंड मोकळं करायला, ठिबकची फुटलेली 16 एमएमची नळी (लॅटरल) कापून जोडायला. आणि नेमका तेव्हा डावा हात कशात तरी गुंतलेला असतो. काडी तारेशी धरलेली असते, नाहीतर नळीचं भोक अंगठ्याने दाबलेलं असतं. माझा जुना चाकू नखाच्या खाचेचा, म्हणजे उघडायला दोन हात हवेत. मी तो दाताने उघडायचो. घरच्यांनी एकदा पाहिलं, आणि या खरेदीला लगेच मंजुरी मिळाली.

पहिला घेतला फ्लिपर, लायनर लॉकचा, म्हणजे मुठीतली एक पट्टी सरकून उघडं पातं अडवून धरते. पातं मिटलेलं असताना मुठीच्या पाठीवर त्याचा एक छोटा कान बाहेर डोकावतो. लॉकच्या पट्टीत बसवलेला बारीकसा गोळा पात्याच्या बुडाच्या खड्ड्यात रुतलेला असतो. तर्जनीने कान दाबला की आधी काहीच हलत नाही, नुसता जोर साचतो. मग गोळा निसटतो आणि तो सगळा जोर पात्याला एकदम मिळतो. आत स्प्रिंग नाही, बटण नाही, तरी ‘खट्’ असा आवाज येतो की आख्खी ओळ वळून बघते. बांधणीच्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “दादा, रामपुरी घेतला का काय?” पुढचे दोन आठवडे मी कारण नसताना तो उघड-मीट करत होतो, हेही कबूल करतो.

कौतुक डिसेंबरपर्यंत टिकलं. पातं बॉल बेअरिंगवर फिरतं, म्हणून दुकानात लोण्यासारखं वाटतं. बागेतली धूळ आणि मी हौसेने सोडलेलं तेल यांचा त्या बारीक गोळ्यांत चिखल झाला. कान दाबला की पातं अर्ध्यावर येऊन थांबायचं. खोलायला टी-6 चा, म्हणजे बारीक चांदणीच्या टोकाचा, स्क्रू ड्रायव्हर लागतो. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात तो नव्हता, मोबाईल दुरुस्तीवाल्याने दिला. अशा कामाला बेअरिंगपेक्षा साधे पितळी वॉशर बरे. थोडे जड फिरतात, पण धूळ सोसतात.

त्याहून मोठी अडचण मिटताना. लायनर लॉकमध्ये पट्टी बाजूला सारणारा अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. ओल्या हाताने, घाईत, एकदा कापून घेतलं. टाका पडला नाही, पण चार दिवस फवारणीचं द्रावण झोंबत होतं.

म्हणून दुसरा, क्रॉसबार लॉकचा, खिशात राहू लागला. ही रचना बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये ‘ॲक्सिस’ नावाने बाजारात आणली. पेटंटची मुदत संपल्यावर आता स्वस्तातल्या चाकूंतही ती मिळते. मुठीत एक आडवी दांडी, तिला दोन्ही बाजूंनी ओढून धरणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा. दांडी मागे ओढली, मनगटाला हलका झटका दिला की पातं बाहेर. पुन्हा ओढली, झटका दिला की आत. बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत. डाव्या हाताने वापरणाऱ्यालाही तो तितकाच सोयीचा. उघडायला फ्लिपरपेक्षा क्षणभर जास्त लागत असेल, पण ते कधी जाणवलं नाही. एका हाताने मिटता येणं मात्र दिवसातून वीस वेळा जाणवतं, आणि विकणारे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

मार्चमध्ये त्यातली एक स्प्रिंग तुटली. दोन असतात म्हणून निभावलं. लॉक ढिला लागतो, पण लागतो. सुटी स्प्रिंग मागवली, विक्रेत्याने अजून उत्तर दिलेलं नाही. पात्यावरची, अंगठ्याने उघडायची खुंटी रबरी हातमोज्यातून निसटते हाही त्रास आहेच. पुढच्या वेळी पात्यात गोल भोक असलेला घेईन. स्पायडर्को कंपनीने 1981 मध्ये आणलेली ती युक्ती मोज्यातही पकड देते.

स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा एक भाच्याकडे आहे. थोडं ढकललं की पुढचं काम स्प्रिंग करते. दोन दिवस वापरला, पण पँटच्या खिशात ठेवायला मी धजावलो नाही.

कायद्याचं: शस्त्र नियम, 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्रात धरलं जातं, आणि सरकारने अधिसूचित केलेल्या भागात त्याला परवाना लागतो, घरगुती-शेतीची हत्यारं सोडून. पण दिल्लीत खटक्याच्या आणि यांत्रिक उघडझापीच्या चाकूंसाठी वेगळी अधिसूचना आहे, तिथे मर्यादा 7.62 सेंमी लांबी आणि 1.72 सेंमी रुंदीपासून सुरू होते. माझं पातं सव्वातीन इंचांचं. त्यामुळे दिल्लीला जाताना तो घरीच राहतो.

पात्याबद्दल एकच. बोर्डो मिश्रणाचे (फवारणीचं मोरचूद आणि चुना) थेंब तसेच राहिले तर डी-2 पोलादावर डाग धरतात. संध्याकाळी पुसा.

फ्लिपर आता घरात पार्सलं फोडतो. जुना चाकू मावशींनी मागून नेला. दोन्ही हातांनी, सावकाश उघडतात, आणि सुतळी माझ्या आधी कापून होते त्यांची.