मालकाचा हट्ट की जीएमचं डोकं?

न्यू जर्सीतला भाचा विचारतो: मामा, बेसबॉलचा संघ मालकाने चालवावा की जनरल मॅनेजरने (जीएम, म्हणजे खेळाडू निवडणारा अधिकारी)?

आधी खर्च. 2002 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाचं पगारबिल सुमारे 12.5 कोटी डॉलर, ओकलंड संघाचं जेमतेम 4 कोटी. सामने दोघांनीही जिंकले 103! ओकलंडचा जीएम बिली बीन याने वाईट चेंडू सोडून बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) गाठणारे, पण इतर संघांना त्याची किंमत न कळल्याने स्वस्तात मिळणारे फलंदाज हेरले होते.

स्थैर्यात यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर नापास. बिली मार्टिनला मॅनेजर (बेसबॉलमध्ये मैदानावरचा प्रशिक्षक) म्हणून पाचदा आणलं, पाचदा घालवलं. (पोरखेळच!) जेतेपदं मात्र त्यांच्या काळात सात; बीन जीएम असताना ओकलंडला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरीही गाठता आली नाही.

तिजोरी भरलेली, जेतेपदाची घाई असेल तर हट्टी मालक चालेल. हात आखडता असेल तर बीनसारखा जीएम नेमावा आणि मालकाने गप्प बसावं.