धरमपेठेतल्या स्टुडिओत ३० मीटरची ऑप्टिकल केबल: पाच महिन्यांचा अनुभव

आमच्या व्हिडिओ-संकलनाच्या स्टुडिओतील तळमजल्यावरचा सर्व्हर आणि दुसऱ्या मजल्यावरचा संगणक जोडण्यासाठी मार्चमध्ये नागपुरातल्याच सीताबर्डीतील एका दुकानातून सेकंदाला १० गिगाबिट वेगाची ऍक्टिव्ह ऑप्टिकल केबल, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणारी काचतंतूची केबल, घेतली. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि अर्धा पावसाळा उलटल्याखेरीज तिच्याविषयी लिहायचे नाही, असे तेव्हाच ठरवले होते.

केबलच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या डोक्यांत एकेक सूक्ष्म लेसर बसवलेला असतो. विजेच्या रूपात आलेल्या माहितीचा तो ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश करतो आणि पलीकडचे डोके त्या प्रकाशाची पुन्हा वीज करते. वारंवारता वाढते तसा तांब्यातला सिग्नल झपाट्याने क्षीण होतो, म्हणून याच वेगाची साधी तांब्याची जोडकेबल सात मीटरच्या आसपास दम सोडते. जुन्या एक गिगाबिट जोडणीवर १०० जीबीचे चित्रीकरण वर यायला पंधरा मिनिटे लागत; आता तीनसुद्धा लागत नाहीत, आणि उरलेला विलंब डिस्कचा आहे.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. गेल्या वर्षीच्या जुलैत जवळच वीज कोसळली, तेव्हा तांब्याच्या केबलमधून आलेल्या झटक्याने दोन्हीकडचे पोर्ट जळाले होते. काचेतून वीज वाहत नसल्याने त्या वाटेची धास्ती तरी संपली.

तक्रार मात्र आहे. 'पाइपातून सहज जाईल,' असे दुकानदाराने सांगितले होते. प्रत्यक्षात २० मिलिमीटरच्या पाइपाच्या पहिल्याच वळणावर डोके अडकले आणि केबल भिंतीवरून न्यावी लागली. हे डोके कापून पुन्हा बसवता येत नाही, तेव्हा ज्यांना पाइपातूनच न्यायची आहे त्यांनी सुटी मॉड्यूल (वेगळी काढता येणारी डोकी) आणि फायबरची पॅच कॉर्ड (त्यांना जोडायची बारीक टोकांची काचतंतूची केबल) घ्यावी.

मे महिन्यात डोकी हाताला चांगलीच गरम लागत. काचतंतू तापत नाही. तापतो तो वीज आणि प्रकाश यांच्या अदलाबदलीचा भाग, आणि डोक्यापासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता अजूनही तांब्याचाच आहे. हा रस्ता आखडण्यासाठी आता प्रकाशाचे भाग चिपच्या शेजारी, एकाच पॅकेजमध्ये बसवले जात आहेत. चिप कंपनी एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये असे नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रे, जाहीर केले. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, त्यामुळे तिथेही लेसर वेगळ्या पदार्थाचाच लागतो.

मागच्या आठवड्यात सर्व्हरशेजारी दुसरे यंत्र जोडायचे होते. त्यासाठी दोन मीटरची तांब्याचीच केबल आणली. एवढ्या अंतरासाठी ती स्वस्तही पडते आणि गारही राहते.