नुसती ऑइलची जाळी ठेवायची की स्पिन-ऑन फिल्टर लावायचा? छोट्या होमबिल्ट विमानवाल्यांसाठी

इकडे अमेरिकेत एक्सपेरिमेंटल (घरी बांधलेल्या विमानांचा वर्ग) मध्ये विमान बांधणारे किंवा कोणीतरी बांधलेलं सेकंड हँड घेणारे आपले मराठी लोक आता बऱ्यापैकी दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या विमानाच्या नाकावर एकतर कॉन्टिनेंटल कंपनीचं जुनं छोटं इंजिन असतं (ए-65, सी-85, ओ-200) नाहीतर फोक्सवॅगन बीटलचं इंजिन. ही सगळी इंजिनं मुळात फिल्टरशिवाय आलेली, आत फक्त एक तारेची जाळी. मग पहिलं ऑइल बदलायची वेळ आली की प्रश्न पडतोच, जाळीवरच भागवायचं का स्पिन-ऑन फिल्टरवर (आत कागद असलेला, फिरवून बसवायचा डबा) पैसे घालायचे. मी ओ-200 वर दोन्ही वापरलंय, आधी जाळी, नंतर फिल्टर, आणि एका मित्राच्या फोक्सवॅगनचं काम त्याच्या बरोबरीने केलंय, त्यावरून सांगतो.

फरक घरातल्या भाषेत सांगायचा तर जाळी म्हणजे चहाचं गाळणं आणि फिल्टर म्हणजे वस्त्रगाळ. गाळण्यात चहाची पत्ती अडकते, बारीक भुकटी कपात उतरतेच. जाळीत कार्बनचे तुकडे, गॅस्केटची चिंधी, धातूचा मोठा कण अडकतो, पण बेअरिंगला हळूहळू घासणारी बारीक कणी आरामात पलीकडे जाते आणि पुढचं ऑइल बदलेपर्यंत फिरत राहते. फिल्टरचा कागद तीच कणी धरतो. पण पाणी आणि अॅसिड जाळी आणि फिल्टर दोघांनाही अडवता येत नाही, आणि हे लोक विसरतात. 100एलएल (विमानांचं शिसं घातलेलं) पेट्रोल जाळताना शिसं ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच, जाळीच्या तळाशी जो राखाडी चिखल बसतो त्यात मुख्य हेच. ए-65 आणि सी-85 तर 73 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेली इंजिनं, त्यांना एवढं शिसं कधी हवंच नव्हतं.

म्हणून तासांचा हिशोब नीट करा. सर्वसाधारण नियम असा की नुसती जाळी असेल तर दर 25 तासांनी ऑइल बदला, फुल-फ्लो फिल्टर (सगळं ऑइल ज्यातून जातं असा) असेल तर 50 तासांनी, आणि दोन्हीत जास्तीत जास्त 4 महिने, जे आधी येईल ते. आता तुम्ही वर्षाला 60 तास उडवत असाल तर 4 महिन्यांत जेमतेम 20 तास होतात, म्हणजे फिल्टर लावून सुद्धा ऑइल तेवढ्याच वेळा बदलायचंय! फिल्टरमुळे ऑइलचा खर्च निम्मा होतो हे ऐकून जे फिल्टर बसवायचा अडॅप्टर घेतात त्यांनी आधी आपलं लॉगबुक उघडून मागच्या वर्षाचे तास मोजावेत. वर्षाला 100-150 तास उडवणाऱ्याला मात्र खरंच फायदा आहे.

माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे, इंजिनाच्या आत काय चाललंय ते लवकर कळणं. पण फिल्टर कापून उघडलात तरच. बरेच जण फिल्टर काढतात, हलवून बघतात आणि कचऱ्यात टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जाळीवाला निदान दर 25 तासांनी जाळी डोळ्यासमोर धरतो तरी. फिल्टर कापायला हॅकसॉ वापरू नका, करवतीचाच कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कुठला आणि करवतीचा कुठला ते कळत नाही, डबा कापायचा वेगळा कटर मिळतो तो घ्या. कागदाची घडी सुरीने सोडवून पांढऱ्या कागदावर उन्हात पसरायची आणि तिरक्या उजेडात बघायचं. काळं आणि नखाने दाबल्यावर भुकटी होतं ते कार्बन, त्याची चिंता नको. चमकणारं काही दिसलं की मॅग्नेट फिरवा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे कॅम किंवा लिफ्टरकडे बघायची वेळ, नाही चिकटलं आणि पांढरट असलं तर अॅल्युमिनियम, पिस्टन नाहीतर पिस्टन पिनच्या प्लगकडून आलेलं, पिवळसर झाक असली तर एखादं ब्रॉन्झचं बुशिंग. एखाद-दुसरा कण दिसला म्हणून लगेच इंजिन उतरवू नका, पण फोटो काढून तारीख टाकून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तेच लागतं.

आता जाळीचं काम. वरवर सोपं, पण कॉन्टिनेंटलवर दोन ठिकाणी फसायला होतं. या इंजिनांत ऑइल टेंपरेचरचा बल्ब जाळीच्या मोठ्या नटातच बसलेला असतो, आणि जुन्या गेजला त्याच्यापासून डॅशबोर्डपर्यंत बारीक कॅपिलरी ट्यूब जाते. आधी बल्ब सोडवून बाजूला करायचा आणि मगच जाळीच्या नटाला पाना लावायचा. पहिल्या वर्षी मी सेफ्टी वायर (नट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार) कापून सरळ नटच फिरवला, अर्ध्या वळणात ट्यूब पिळली गेली आणि गेज मेला, आणि ही ट्यूब रिपेअर होत नाही, अख्खं गेज बदलावं लागलं. दुसरं म्हणजे ऑइल काढून इंजिन दोन-तीन दिवस तसंच उघडं ठेवू नका. ऑइल पंप कोरडा पडला की ऑइल उचलत नाही, मग सुरू केल्यावर प्रेशर येत नाही. इंजिन गरम असताना ऑइल काढा, जाळी स्वच्छ पातेल्यात मिनरल स्पिरिटने धुवा, ते धुतलेलं स्पिरिट कॉफी फिल्टरमधून गाळून बघा, नवीन गॅस्केट घाला, बसवा, वायर लावा, ऑइल भरा, सगळं एकाच दुपारी. सुरू केल्यावर 30 सेकंदांत प्रेशरची सुई हलली नाही तर लगेच बंद करा.

फिल्टर अडॅप्टर जाळीच्याच भोकात बसतो, त्यामुळे इंजिन उघडावं लागत नाही. खर्च काहीशे डॉलर, वर दर वेळी फिल्टर. पण ऑर्डर करण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करून इंजिनामागे धरून बघा, कारण ही मागची जागा फार चिंचोळी असते, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र), इंजिन माउंटचे पाइप आणि फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) यांच्या मध्ये फिल्टर बसला पाहिजे आणि फिरवून काढताही आला पाहिजे. माझ्याकडे बोटभर जागा उरली आणि तेवढ्यावर भागलं. टेंपरेचरचा प्रोब आता कुठे जाणार तेही आधीच ठरवा. फिल्टरच्या रबराला डीसी-4 (सिलिकॉन ग्रीस) लावायचं, टॉर्क (किती जोराने घट्ट करायचं) डब्यावर लिहिलेला असतो, साधारण 16 ते 18 फूट-पाउंड, आणि सेफ्टी वायर इथेही हवीच. प्रत्येक नवीन जोड म्हणजे लीकची नवीन जागा हेही लक्षात ठेवा, लायकमिंग या दुसऱ्या इंजिन कंपनीच्या फिल्टर कन्व्हर्टर प्लेटच्या (फिल्टर जिच्यावर बसतो ती) गॅस्केटवरून एफएएला (अमेरिकेचं विमान खातं) 2000 साली आणि परत 2002 साली सक्तीचा आदेश काढावा लागला होता कारण गॅस्केट गेलं की सगळं ऑइल बाहेर. (लायकमिंग ओ-235 किंवा ओ-320 असेल तर संपमधली (तळाच्या ऑइलच्या टाकीतली) सक्शन जाळी फिल्टर लावल्यावरही राहतेच, तीही काढून बघायची.)

फोक्सवॅगनची गोष्ट वेगळी आहे आणि इथे माझं मत ठाम आहे. कॉन्टिनेंटलची जाळी पंपाच्या पुढे, प्रेशरच्या बाजूला असते, म्हणजे बेअरिंगकडे जाणारं ऑइल निदान गाळण्यातून जातं. फोक्सवॅगनची जाळी पंपाच्या आधी, तळाशी, आणि ती फक्त मोठा कचरा पंपात जाऊ देत नाही. त्यात ऑइल जेमतेम अडीच लिटर, एअर-कूल्ड इंजिन, ते गरम होणारच. जाळीच्या मधल्या भोकात पिकअप ट्यूब घट्ट बसली पाहिजे, नाहीतर ऑइल फटीतूनच वर जातं आणि जाळी असून नसल्यासारखी, मित्राच्या इंजिनात अगदी हेच होतं आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तळाच्या प्लेटचे सहा नट फक्त 5 फूट-पाउंडवर, जोर लावलात तर इंजिनाच्या केसमधले (बाहेरच्या धातूच्या कवचातले) स्टड उपटून येतात. फुल-फ्लो फिल्टरसाठी पंपाच्या कव्हरमधून ऑइल बाहेर घेऊन मेन गॅलरीत (बेअरिंगकडे ऑइल नेणाऱ्या मुख्य वाटेत) परत सोडावं लागतं आणि त्यासाठी केसला भोक पाडून आटे करावे लागतात. हे केस उघडी असतानाच करा. बांधलेल्या इंजिनावर ग्रीस लावून सांभाळून करणारे आहेत, पण ज्या कचऱ्यासाठी फिल्टर लावतोय तोच ड्रिलने गॅलरीत टाकायचा, मी तरी करणार नाही.

तर मला विचाराल तर, इंजिन अजून बांधायचंय आणि फोक्सवॅगन आहे, फुल-फ्लो करूनच घ्या, दुसरा विचार नको. फोक्सवॅगन बांधून झालंय आणि नीट चालतंय, तर पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत (इंजिन पूर्ण उघडून परत बांधेपर्यंत) दर 25 तासांनी ऑइल आणि जाळी, एकही वेळ न चुकवता. ए-65 किंवा सी-85, वर्षाला 30-40 तास, रविवारी सकाळचं उडणं, तर जाळीवरच राहा, ए-65 ला ऑइल लागतं 4 क्वार्ट, बदलणं जड नाही आणि वजनही वाढत नाही. ओ-200 भरपूर उडवताय किंवा नुकतंच ओव्हरहॉल झालंय आणि जागा आहे, तर फिल्टर लावा, पण कटर त्याच ऑर्डरमध्ये मागवा. आणि काढलेली जाळी टाकून देऊ नका, ऑइल लावून पिशवीत बंद करून नव्या गॅस्केटसकट हँगरमध्ये ठेवा, कधी अडॅप्टर गळायला लागलाच तर तासाभरात परत जाळीवर येता येतं.