काजूचे १८० डबे आणि १२,९३,१०० रुपयांचा चेक

हे लिहायला मला सहा महिने लागले. लाज वाटत होती. चंदगड तालुक्यात गेली अकरा वर्षं माझं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. बचत गटांच्या बैठकांत 'धंदा कसा करावा' यावर बोलायला मला बोलावतात. 'उधारी देताना माणूस बघा' हे वाक्य मी तिथे किती वेळा म्हटलंय याची गणती नाही. आणि माझेच १२,९३,१०० रुपये बुडाले.

प्रकार जुनाच आहे. आधी रोखीत छोटी ऑर्डर, मग जरा मोठी, मग सणाच्या तोंडावर डोळे दिपवणारी आणि तिला पुढच्या तारखेचा चेक. एका व्यापाऱ्याची पहिली ऑर्डर ऑगस्ट २०२४ मध्ये आली. ३२० नंबरच्या (ही गराच्या आकाराची प्रत) काजूचे १० डबे, म्हणजे १०० किलो, जीएसटीसकट ८२,९५० रुपये आगाऊ. सप्टेंबरमध्ये ३० डबे, २,४८,८५० रुपये. अर्धे आधी आणि अर्धे माल पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी. एक पैसा इकडचा तिकडे नाही.

मग तो व्यापारी स्वतः आला. लोक म्हणतात, तुला कळलं कसं नाही? त्यांना सांगतो, तो माणूस काजूतला होता. ग्रेडिंगच्या टेबलावरचा एक गर उचलला, दोन बोटांत मोडला, कट्‌कन आवाज आला तसा कानाजवळ नेऊन दुसरा मोडला. म्हणाला, "ओल बरोबर आहे, पण हा लॉट ड्रायरमधून थोडा लवकर काढलाय." खरंच लवकर काढला होता, त्या दिवशी लाईट गेली होती. ते ऐकलं आणि मी विरघळलो. घरी जेवला, आईच्या पाया पडला. चौदा वर्षं या धंद्यात आहे म्हणाला.

ऑर्डर १८० डब्यांची. बाजार किलोला ७७५ चालला होता, मी ७९० सांगितला. तो "चालेल" म्हणाला. घासाघीस नाही! अकरा वर्षांत दिवाळीच्या तोंडावर मला घासाघीस न करणारा व्यापारी भेटलेला नाही. जो पैसे देणार असतो तो रुपया-रुपयासाठी भांडतो. ज्याला द्यायचेच नाहीत त्याला भाव काय करायचाय? हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

पण त्याहून मोठी चूक वेगळी आहे, आणि ती आठवली की अजून झोप उडते.

आमच्याकडे बिलं करणारी मुलगी आहे, बी.कॉम. होऊन दोन वर्षं झालेली. जीएसटीच्या साईटवर कुणाचाही नंबर टाकला की त्याची नोंदणी कधीची, पत्ता कुठला, रिटर्न भरलेत का हे लॉगिन न करताही दिसतं. तिने ते पान छापलं आणि ग्रेडिंग हॉलमध्ये माझ्यापुढे ठेवलं. "दादा, ह्यांची नोंदणी जुलैमधली आहे. तीन महिनेपण नाही झाले. आणि माल भिवंडीच्या दुसऱ्याच पत्त्यावर उतरवायला सांगतायत." मी त्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला. म्हणालो, "तू डबे मोज. गिऱ्हाईक मी बघतो." समोर सोळा बायका गर निवडत बसल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. ती काही न बोलता आत गेली.

माझी बाजूही सांगतो. गोदामात माल पडून होता. बँकेच्या सीसीचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, व्याज दर महिन्याला चढत होतं. मे महिन्यात आम्हाला काजू-बी घातलेल्या शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे राहिले होते, बायकांचा बोनस तोंडावर होता. अशा वेळी जीएसटी धरून १४,९३,१०० रुपयांचं बिल समोर आलं की माणूस कारणं शोधतो ती 'हो' म्हणायची. त्याने २,००,००० आरटीजीएस केले, बाकीचा ४ नोव्हेंबरचा चेक दिला. दिवाळीच्या आठवड्यात फोन बंद झाला. चेक भरला, ६ तारखेला परत आला; खात्यात पुरेशी शिल्लक नाही. भिवंडीला गेलो तर गाळा रिकामा. तो महिन्याभरासाठीच भाड्याने घेतलेला होता.

आता पुढचं ऐका. आमच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, माल भिवंडीत उतरला, तिकडे जा. तिकडे सांगितलं, व्यवहार चंदगडला ठरला, तिकडे जा. दोन्हीकडे एक वाक्य मात्र सारखं: "हा दिवाणी वाद आहे. तुम्ही स्वखुशीने माल दिलाय." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ कलम आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद नोंदवून घ्यायची असते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये लिहिलंय. मी छापील कलम घेऊन गेलो. अंमलदार म्हणाले, "वकील आहात का?" चार तास बाकावर बसवलं आणि साधा अर्ज घेतला. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा. शिक्का मारलेली पोच हातात आली म्हणून समाधान मानू नका. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्याची पोच तेवढी आली.

बँकेला म्हटलं, खातेदाराचा पत्ता द्या. पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलीस म्हणतात, गुन्हाच दाखल नाही तर पत्र कशाचं देऊ? १९३० वर फोन केला, तो ऑनलाईन फसवणुकीसाठी असतो. उद्यमची, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आहे म्हणून थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यावा असं आहे. तिथून गेलेली नोटीस 'या पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आली आणि विषय तिथेच थांबलाय. आणि सरकारचं येणं? ते थांबत नाही. या बुडालेल्या बिलावरचा ७१,१०० रुपये जीएसटी मी २० नोव्हेंबरच्या आत भरला. गिऱ्हाईकाने बुडवलं म्हणून त्यात सूट नाही. भरला नसता तर नोटीस मात्र मला वेळेवर आली असती, बरोबर पत्त्यावर.

चेक परत आला तर रडत बसू नका, दिवस मोजा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, मग त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. माझी नोटीस २० नोव्हेंबरला गेली म्हणून १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या कलमाखालची, केस तरी उभी राहिली. एका ओळखीच्या कारखानदाराने 'बोलून बघतो' म्हणत दोन महिने घालवले, त्याचा तो हक्क गेला. बिल एका पत्त्यावर आणि माल दुसऱ्या पत्त्यावर असेल तर ट्रक हलवू नका. गोदामाच्या मूळ मालकाला फोन करा. पहिल्या दोन ऑर्डरींच्या चोख पैशांवर भाळू नका, ते पैसे त्याच्यासाठी भांडवल असतात.

वकिलांनी कागदपत्रं मागितली तेव्हा मला तिलाच विचारावं लागलं. नोंदणीचं ते छापील पान तिने बिलांच्या फाईलला लावून ठेवलं होतं. मधोमध ग्लासाचा गोल डाग आणि कोपऱ्यात तिच्या अक्षरात, पेन्सिलने तारीख: ३ ऑक्टोबर. ट्रक ५ तारखेला निघाला होता.