समासातले शेरे की समोरासमोर चर्चा?

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या निबंधावर अभिप्राय द्यायचे दोन मार्ग: समासात शेरे लिहिणे किंवा त्याला समोर बसवून बोलणे. शेरे टिकतात, दुसरा खर्डा लिहिताना पुन्हा वाचता येतात. पण ‘स्पष्ट करा’, ‘विस्कळीत’ हे शेरे कुठल्याही निबंधावर चिकटवता येतात. नेमकं काय बदलायचं ते त्यातून कळत नाही. शिवाय शेजारी गुण लिहिले की नजर तिथेच थांबते. रुथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात शाळकरी मुलांना नुसते शेरे दिले तेव्हा प्रगती दिसली. सोबत गुण दिले तेव्हा तो फायदा उरला नाही.

चर्चेत मात्र विचारता येतं, ‘इथे तुला काय म्हणायचं होतं?’ आणि बहुतेकदा विद्यार्थी कागदावर नसलेलं, जास्त चांगलं वाक्य बोलून दाखवतो. तेच तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगावं. वेळ खूप जातो, हे खरं. बुजरी मुलं नुसती मान डोलावतात, तेही खरं.

माझा कल असा: मुद्दा आणि मांडणी यांवर पहिल्या खर्ड्यानंतर बोलावं, शुद्धलेखनासाठी शेवटच्या खर्ड्यावरचे शेरे पुरेत. वर्ग फारच मोठा असेल, तर प्रत्येकाला दोनच शेरे द्यावेत, पण त्याच्याच वाक्याला धरून.