स्वस्तातला मिडी फूट कंट्रोलर: एफसीबी१०१०, चॉकलेट की घरी बनवलेला?

मिडी ही संगीत उपकरणांची आपसातली निरोपांची भाषा, आणि फूट कंट्रोलर म्हणजे पायाने दाबून ते निरोप पाठवायचा बटणांचा डबा. तो घेताना बहुतेक जण आधी बटणं मोजतात. बघायला हवीत ती सॉकेटं. कंट्रोलरमधून गिटारचा आवाज जातच नाही. जातो तो फक्त निरोप: 'अमुक प्रीसेट (साठवून ठेवलेला आवाज) लाव', 'डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) बंद कर'. तो तुमच्या इफेक्टपर्यंत पाच पिनांच्या केबलने जाणार, यूएसबीने की ब्लूटूथने, हे कळलं की खालच्या तिनांपैकी एखादा पर्याय आपोआप गळतो. साध्या ॲनालॉग पेडलला मिडी कळतच नाही. बऱ्याच स्वस्त मल्टी-इफेक्टवर (एकाच डब्यात अनेक इफेक्ट) यूएसबी असते, पण ती नुसती एडिटरपुरती आणि रेकॉर्डिंगपुरती. मॅन्युअलमध्ये कोणत्या सीसी नंबरला (मिडीतल्या कंट्रोल निरोपाचा क्रमांक) काय होतं याचा तक्ता नसेल, तर तूर्तास पैसे खिशातच ठेवा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते यूएसबीला. लाइन ६ कंपनीच्या एचएक्स स्टॉम्प या मल्टी-इफेक्टला पाच पिनांचं मिडी इन आहे आणि यूएसबीही आहे. मग यूएसबी कंट्रोलर थेट त्यात खुपसला तर? काहीच होत नाही. यूएसबीत एक बाजू यजमान लागते, आणि इथे दोघेही पाहुणे. मध्ये कॉम्प्युटर तरी हवा, नाहीतर वेगळा यूएसबी मिडी होस्ट बॉक्स. त्या बॉक्सची किंमत धरली की स्वस्त कंट्रोलर तितकासा स्वस्त राहत नाही.

बेहरिंगर एफसीबी१०१० हा जुना, अवजड आणि अजूनही कामाचा गडी. दहा बटणं, बँक वर-खाली करायला आणखी दोन, दोन एक्स्प्रेशन पेडल (व्हॉल्यूम किंवा वाहसारखं पायाने कमी-जास्त करायला) अंगचेच, आणि दहा बँकांत मिळून १०० प्रीसेट. शिवाय ॲम्पचं चॅनल बदलायला दोन रिले जॅक. मिडी इन आणि आउट पाच पिनांचं. यूएसबी नाही, ब्लूटूथ नाही. एचएक्स स्टॉम्पसारख्या युनिटला एका केबलवर जोडला जातो, म्हणून स्टेजवर याचा भरवसा वाटतो.

त्रास आहे तो प्रोग्रॅमिंगचा. बटणं पायाने दाबून-धरून एकेक आकडा भरायचा म्हणजे संध्याकाळ गेली. कॉम्प्युटरवरून एडिटर वापरता येतो, पण त्यासाठी यूएसबी-मिडी केबल लागते आणि तिथे काटकसर महाग पडते. अगदी स्वस्त केबल साधे निरोप नीट पोचवतात, पण सेटिंग्जचा लांबलचक सिसएक्स (सिस्टिम एक्सक्लुझिव्ह) गठ्ठा आला की मध्येच बाइट गाळतात. एडिटर अर्ध्यावर अडकला तर दोष बहुधा केबलचा असतो, एफसीबीचा नव्हे.

दुसरी उणीव दिव्यांची. मूळ फर्मवेअर (आतलं कायमचं सॉफ्टवेअर) प्रत्येक बटणाला प्रीसेटच समजतं. एक दिवा लागला की आधीचा विझतो. ड्राइव्ह चालू आहे का, डिले चालू आहे का, हे वेगवेगळं दिसत नाही. यावर उतारा म्हणजे यूएनओ नावाची फर्मवेअर चिप: वरच्या रांगेतली बटणं स्टॉम्पबॉक्ससारखी (सुट्या इफेक्ट पेडलसारखी) चालू-बंद होतात आणि दिवेही तसेच लागतात. चिप २८ पायांची आहे. जुनी काढताना दोन्ही टोकांकडून थोडी-थोडी उचला, नाहीतर पाय वाकतात. नवी बसवताना तिची खाच सॉकेटच्या खाचेकडेच हवी. मेन्सची वीज थेट आत जाते, तेव्हा झाकण उघडण्याआधी प्लग काढा.

एम-वेवचं चॉकलेट याच्या अगदी उलट. चार बटणं, चार्ज होणारी बॅटरी, ब्लूटूथ आणि यूएसबी, सेटिंग फोनच्या ॲपवरून. एका नव्या एफसीबीच्या पैशांत अशी दोन-तीन येतील. आयपॅडवर किंवा लॅपटॉपवर ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर) वाजवणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. आयपॅडवर मात्र ते मुख्य ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायचं नाही. संगीताच्या ॲपमधल्या ब्लूटूथ मिडीच्या यादीतून जोडायचं. यादीत दिसत नसेल तर फोनवरचं सेटिंग ॲप आधी बंद करा, बहुधा त्यानेच ते धरून ठेवलेलं असतं. विंडोजवर बहुतेक गिटार सॉफ्टवेअरला ब्लूटूथ मिडी थेट दिसत नाही. तिथे खटपट न करता यूएसबी केबल लावावी. आणि हलकं असल्याने ते फरशीवर पळतं. खाली वेल्क्रो हवाच.

ब्लूटूथने उशीर होतो ही भीती बटणांपुरती फारशी खरी नाही. पाच पिनांच्या केबलवर तीन बाइटचा निरोप साधारण १ मिलिसेकंदात पोचतो, ब्लूटूथवर त्याहून काही मिलिसेकंद जास्त लागतात. प्रीसेट बदलताना कानाला जाणवणारी फट मल्टी-इफेक्टची असते, कंट्रोलरची नाही. एचएक्स स्टॉम्पवर प्रीसेटऐवजी स्नॅपशॉट (एकाच प्रीसेटमधली साठवलेली स्थिती) बदला: सीसी ६९, किंमत ०, १ किंवा २. फट जवळजवळ जाते.

सोल्डरिंगची आवड असेल तर तिसरा, घरी बनवण्याचा पर्याय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवचीक. ५ व्होल्टचा प्रो मायक्रो बोर्ड (कोड लिहून चालवायचा छोटा आर्डुइनो-जातीचा बोर्ड) घ्या, एटीमेगा ३२यू४ चिपचा; आर्डुइनो उनो नको, तो कॉम्प्युटरला मिडी म्हणून दिसत नाही. फूटस्विच मोमेंटरी, म्हणजे पाय उचलला की परत येणारा, मागा. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत नुसतं 'पेडलचा स्विच' म्हटलंत तर नऊ पायांचा खटका पडणारा मिळण्याचीच शक्यता जास्त. प्रत्येक स्विचचा एक पाय बोर्डाच्या २, ३, ४, ५ या पिनांना, दुसरे सगळे ग्राउंडला. कोडमध्ये बोर्डाच्या आतला पुल-अप रेझिस्टर चालू केला की वेगळा रेझिस्टर लागत नाही. डिबाउन्स (खटक्याच्या थरथरीकडे दुर्लक्ष करायचा वेळ) २० मिलिसेकंद ठेवा. तो नसेल तर एका दाबात दोन निरोप जातात, इफेक्ट चालू होऊन लगेच बंद होतो, आणि स्विच मेला असं वाटत राहतं.

पाच पिनांचं आउट हवं असेल तर बोर्डाच्या टीएक्स (निरोप पाठवणाऱ्या) पिनपासून २२० ओहमचा रेझिस्टर सॉकेटच्या ५ नंबरला, ५ व्होल्टपासून दुसरा २२० ओहमचा ४ नंबरला, ग्राउंड २ नंबरला. वेग ३१,२५० बॉड. सॉकेटवर पिनांचा क्रम १-४-२-५-३ असा उडीचा असतो, आणि सोल्डरच्या बाजूने तो उलटा दिसतो. चूक झाली तर बहुतेक वेळा इथेच होते. प्लास्टिकवरचे बारीक आकडे भिंगाने वाचून मगच सोल्डरिंग आयर्न टेकवा. बोर्डाचं मायक्रो यूएसबी सॉकेट ओढाताणीत उखडतं, म्हणून केबल बॉक्सच्या आतच बांधून टाका.

यांतलं काहीही घेतलंत तरी दोन गोंधळ पहिल्याच दिवशी गाठतात. मिडीत प्रोग्रॅम (प्रीसेट बदलायचे आकडे) ० ते १२७ असतात, पण कित्येक युनिट पडद्यावर १ पासून मोजतात. दर वेळी शेजारचाच प्रीसेट लागत असेल तर आकडा एकने सरकवा. आणि इफेक्ट चालू होतो पण बंद होत नाही, असं झालं तर बटण दर वेळी १२७ च पाठवतंय. ते टॉगलवर ठेवा, म्हणजे एकदा १२७ आणि एकदा ० जाईल. मात्र काही युनिट कोणताही आकडा आला की स्थिती उलटवतात. तिथे टॉगल नको, आणि दाबताना एक, सोडताना एक असे दोन निरोपही नकोत. सोडतानाचा बंद करा.